एनव्हिडिया आणि व्याप्तीचा प्रश्न

एखाद्या कंपनीच्या समभागांत वीस वर्षांसाठी पैसे गुंतवणे ही कृती आर्थिक दिसत असली, तरी तिच्या मुळाशी प्रमाणशास्त्रातला, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या साधनांचा विचार करणाऱ्या शास्त्रातला, एक जुना वाद आहे: जे पाहिले त्यावरून जे पाहिले नाही त्याचे ज्ञान होऊ शकते काय? अमेरिकेतील एनव्हिडिया ही 1993 साली स्थापन झालेली ग्राफिक्स चिपची कंपनी या वादाची आज कठोर कसोटी ठरते, कारण जानेवारी 2023मध्ये संपलेल्या वर्षात सुमारे 27 अब्ज डॉलर असलेले तिचे उत्पन्न दोनच वर्षांत 130 अब्जांवर गेले, आणि ही चढण पाहणाऱ्याच्या मनात ती पुढेही चालू राहील असे अनुमान आपोआप उभे राहते.

प्राचीन भारतातील भौतिकवादी चार्वाकांचा आक्षेप नेमका अशा अनुमानावर होता. हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, आणि साध्य, म्हणजे अनुमानाने सिद्ध करायची गोष्ट, यांचे कधीही न चुकणारे साहचर्य, म्हणजेच व्याप्ती, सर्व काळांतली सर्व उदाहरणे पाहिल्यावाचून सिद्ध होत नाही, असे त्यांचे म्हणणे. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, त्यावर उपाधीचा, म्हणजे नियमात दडलेल्या अटीचा, शोध घेण्याचा मार्ग दाखवला. जेथे अग्नी तेथे धूर हा नियम तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यापाशी मोडतो, कारण धुराला अग्नीबरोबर ओले इंधनही लागते.

एनव्हिडियाच्या वाढीतही असे इंधन आहे, आणि ते एका जातीचे नाही. 2006 साली जाहीर झालेल्या कुडा या प्रणालीमुळे चित्रांसाठीची चिप सर्वसाधारण गणनेला वापरता येऊ लागली, आणि 2012 साली ॲलेक्सनेट हे चित्रे ओळखणारे जाळे अशा दोन चिपांवर घडवले गेल्यानंतर संशोधकांची सवयच त्या प्रणालीभोवती बसली. ही उपाधी टिकाऊ मानावी लागते. उलट मोजक्या महाकाय ग्राहकांचा खर्च ही फार नाजूक उपाधी होय, कारण त्यांपैकी गूगल आणि ॲमेझॉन स्वतःच्या चिप रचतात. शिवाय प्रत्यक्ष उत्पादन मुख्यतः तैवानमध्ये होते, हीही एक नाजूक उपाधीच. अल्प खर्चात घडवल्याचे सांगितले गेलेले डीपसीक हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे चिनी प्रारूप गाजताच 27 जानेवारी 2025 रोजी कंपनीचे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे 600 अब्ज डॉलरने घसरले, तेव्हा ग्राहकांच्या खर्चाच्या अटीवरचा विश्वास क्षणभर डळमळला होता.

चार्वाकांच्या शंकेने गुंतवणूकच अशक्य ठरते असे मात्र नाही. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या नैयायिक उदयनाचार्यांनी दाखवले, की ज्या शंकेशी शंका घेणाऱ्याचे स्वतःचे आचरणच विसंगत ठरते, तेथे ती शंका थांबते. परंतु कंपनी वाढेल हे एक अनुमान आणि समभाग घेणाऱ्याला लाभ होईल हे दुसरे. दुसऱ्याला खरेदीची किंमत ही आणखी एक उपाधी चिकटलेली असते, आणि बहुतेक चर्चांत तीच विसरली जाते. 2000 साली इंटरनेट जगभर पसरेल असे मानून नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या सिस्कोचे समभाग शिखरावर घेणाऱ्यांचे पहिले अनुमान पूर्णपणे खरे ठरले, तरीही त्या समभागाला ती किंमत पुन्हा गाठायला दोन दशकांहून अधिक काळ लागला.