विचारून बांधलेला दवाखाना

गडचिरोलीत १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' या संस्थेचं काम सुरू केलं. आदिवासी दवाखान्याकडे फिरकत का नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीत बावरायला होतं, असं उत्तर आलं. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत वावरतात आणि पांढरं कापड तर मढ्यावर घालायचं. शिवाय आजाऱ्याला आत ठेवून घरच्यांना बाहेर काढतात. मग संस्थेच्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना झोपड्यांचा झाला, घरचे सोबत राहू लागले आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं.

रायगड जिल्ह्यात, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वरंधला सरकारी दवाखान्याबद्दल असं कुणी विचारलं, तर लोक बहुधा देवीबद्दल बोलणार नाहीत, एसटीबद्दल बोलतील. वाडीवरून उतरण्यातच सकाळ जाते आणि केसपेपर निघेपर्यंत परतीच्या गाडीचा घोर लागतो. पेशंटला खाट मिळते, सोबतच्या बाईला व्हरांड्याचा कोपरा. तिच्या पिशवीत भाकरी, सतरंजी, एक्स-रेचं पाकीट आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या असतात. कुठल्या गोळीने म्हाताऱ्याला गरगरलं, हे तिला पाठ असतं. राउंडच्या वेळी मात्र आधी तिलाच बाहेर जायला सांगतात.

पावसाळ्याचंही तसंच. २२ जुलै २०२१ ला इथल्याच तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. कुठला ओढा आधी चढतो, कुठल्या वाडीची वाट आधी तुटते, कुणाचे दिवस भरत आलेत, हे आशाताई आणि वाडीतल्या बायका मे महिन्यातच सांगतील.

२००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून रुग्ण कल्याण समित्या आल्या, थोडा निधीही आला. पण पुष्कळदा बैठक म्हणजे चहा, सह्या आणि रंगकामाचं बिल. बाकावर ताटकळणाऱ्याला विचारा, तो रंगाआधी पंखा मागेल आणि बायकांसाठी आतून कडी लागणारा संडास. पुढे महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर जनसुनवायाही झाल्या, लोक धीटपणे बोलले. तरी लोकांना तक्रार सांगायला बोलावणं सोपं. पैसा कशावर खर्चायचा हे ठरवताना त्यांना शेजारी बसवणं अवघड जातं, कारण तिथे खुर्ची थोडी सरकवावी लागते.

समितीच्या जूनआधीच्या बैठकीला व्हरांड्यात रात्री काढलेल्या दोन बायका बोलावल्या, तर खर्च दोन कप चहाचा. वेळ तेवढी एसटी बघून ठेवावी लागेल.