सोसण्याची ताकद आणि सोसायला लावण्याचा हक्क

एखादा जीव किती सोसू शकेल हे आधीच कळले, तर त्याच्याविषयीची आपली जबाबदारी वाढते की कमी होते? प्रश्न जुनाच आहे. डोंगरमाथ्यावरच्या पक्ष्यांच्या रक्ताची तपासणी करणाऱ्या विज्ञानामुळे तो आज नव्याने आपल्यासमोर आला आहे.

या पक्ष्यांची अडचण समजायला अवघड नाही. हजार मीटर वर चढले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. हवा अर्धा अंश तापली, तर पूर्वीचाच गारवा मिळवण्यासाठी पक्ष्याला सुमारे ७५ मीटर वर सरकावे लागते. पण डोंगर वर निमुळता होत जातो. जागा आक्रसते आणि शेवटी माथा येतो. त्यापुढे आकाश असते, घरट्यासाठी झाड नसते. पेरू देशातील पान्तियाकोया डोंगरावर १९८५ साली पक्ष्यांची पाहणी झाली होती. २०१७ साली तिथेच पुन्हा पाहणी केली, तेव्हा माथ्यावर पूर्वी नेहमी दिसणाऱ्या काही जाती सापडल्याच नाहीत.

डोळ्यांनी केलेली मोजणी काय घडून गेले ते सांगते. पुढे काय होईल याचा अंदाज जनुकशास्त्र घेऊ पाहते. बारीक जाळ्यात अलगद पकडलेल्या पक्ष्याच्या रक्ताचे थेंबभर नमुने घेऊन त्याला सोडून देतात. त्या थेंबातील डीएनएवरून त्या वस्तीत किती विविधता उरली आहे, ती इतरांपासून कधी तुटली आणि उष्णतेशी, पावसाशी निगडित जनुकांची कोणती रूपे तिच्याजवळ आहेत, हे पाहता येते. विविधता ही पिढ्यान्‌पिढ्यांची पुंजी आहे. ती भरपूर असेल तर बदलत्या हवेत टिकणारे काहीजण तरी निघतात. वस्ती लहान व एकाकी झाली की ही पुंजी झिजत जाते.

डोळ्याला न दिसणारे अंतर डीएनए कसे दाखवते, याचे उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. २००९ साली अरुणाचल प्रदेशात संशोधकांच्या लक्षात आले की, एकाच जातीचा मानला जाणारा कस्तुर पक्षी सूचिपर्णी जंगलात गोड गातो आणि त्याहून वर, उघड्या खडकाळ भागात, कर्कश. डीएनए तपासला तेव्हा दोघे काही दशलक्ष वर्षांपूर्वीच वेगळे झाल्याचे दिसले. २०१६ साली जंगलातल्या कस्तुराला शास्त्रीय नाव मिळाले, झूथेरा सालिमअली. मुंबईत जन्मलेल्या आणि आयुष्यभर पक्ष्यांमागे हिंडलेल्या डॉ. सालिम अली यांची आठवण आता हिमालयात गाते आहे.

दक्षिणेकडे हेच विज्ञान अधिक कठोर गोष्ट सांगते. नीलगिरी, अनामलाई, पळणी या डोंगरांच्या माथ्यांवर शोला नावाची गार, ठेंगणी जंगले आहेत. खालच्या उष्ण मैदानांच्या समुद्रात ती बेटांसारखी उभी आहेत. अनामुडी हे तिथले सर्वोच्च शिखर २,६९५ मीटरचे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून हजार मीटरने उंच. पण हिमालयाच्या दक्षिणेला याहून उंच जागाच नाही. या जंगलांतील निळे रॉबिन पक्षी एकेकाळी एकाच जातीचे समजले जात. पालघाट खिंडीच्या उत्तरेचा आणि दक्षिणेचा रॉबिन प्राचीन काळापासून वेगळे आहेत, हे डीएनएने दाखवले. २०१७ साली त्यांच्यासाठी शोलिकोला ही नवी प्रजाती (जीनस) स्थापन झाली आणि अगदी दक्षिणेच्या अशांबू डोंगरातील पक्षी स्वतंत्र जात ठरला. त्याआधी २०१५ च्या एका अभ्यासात निसर्गाने केलेल्या जुन्या फाळणीबरोबरच माणसाने जंगल तोडून केलेल्या अलीकडच्या फाळणीच्या खुणाही या पक्ष्यांच्या जनुकांत आढळल्या. बेटांमध्ये आणखी बेटे झाली होती.

म्हणजे नीलगिरीचा पक्षी संपला तर अनामलाईचा आणून सोडू, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. एकाची जागा दुसरा घेऊ शकत नाही. कुरआन पक्ष्यांना आपल्यासारख्याच उम्मती मानतो. प्रत्येक उम्मत वेगळी, हे प्रयोगशाळेनेही आपल्या परीने दाखवले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उत्तर अमेरिकेतील पिवळ्या वटवट्यावरील एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. भावी हवामानाशी जुळवून घ्यायला ज्या टापूतील पक्ष्यांच्या जनुकांत सर्वांत जास्त बदल व्हावा लागेल, तिथे त्यांची संख्या आधीच घटत असल्याचे त्यात मांडले होते. त्याच वर्षी इतर शास्त्रज्ञांनी या पद्धतीवर आक्षेपही घेतले. मोजमाप अजून कच्चे आहे. पण समजा, उद्या ते पक्के झाले. एका डोंगरावरचे पक्षी तग धरतील, दुसऱ्या डोंगरावरचे धरणार नाहीत, असा तक्ता हाती आला. त्याचे आपण काय करू?

भीती अशी की पहिल्याविषयी म्हणू, ‘याला काही होत नाही’ आणि दुसऱ्याविषयी म्हणू, ‘हा तसाही जाणारच.’ दोन्ही वाक्यांतून आपण मोकळे. घरातही असेच घडते. जी सून मुकाट्याने सगळे करते तिला सोशिक म्हणून नावाजले जाते आणि पुढचे कामही तिच्याच माथी येते. ताकदीपलीकडचे ओझे अल्लाह कुणावर टाकत नाही, ही आपली श्रद्धा. हा दिलासा ओझे वाहणाऱ्यासाठी आहे. ओझे लादणाऱ्याने तो आपला परवाना समजू नये. कोळसा आणि पेट्रोल जाळणारे आपण, जंगल तोडणारे आपण. पक्ष्याची सहनशक्ती मोजून आपला दोष कमी होत नाही.

यावर कुणी म्हणेल, पैसा थोडा, माणसे थोडी, सगळे वाचवणार कसे? निवड करावीच लागेल. हे खरे आहे आणि म्हणूनच हे ज्ञान हवे. तुटलेल्या जंगलांना जोडणारा पट्टा आधी कुठे लावायचा, कुठल्या शोलाभोवतीचे परके निलगिरी आणि वॅटलचे मळे आधी हटवायचे, हे जनुके सुचवू शकतात. आधी कुणाकडे धावायचे हे ठरवण्यासाठी मोजमाप वापरणे योग्य. कुणाला वाऱ्यावर सोडायचे हे ठरवण्यासाठी ते वापरले, तर इल्म अमानत राहत नाही.

अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात एक प्रसंग आहे. प्रवासात काही सहाबांनी एका लहान पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती व्याकूळ होऊन पंख फडफडवू लागली. पैगंबर (स.) यांनी, हिला दुःख कुणी दिले, असे विचारले आणि पिल्ले परत करायला सांगितले. ती पक्षीण कदाचित पुन्हा अंडी घालू शकली असती. तो हिशेब तिथे कुणी मांडला नाही. घेणाऱ्याचा हात आधी मागे आला. आपल्या हाती आज रक्ताच्या थेंबातून भविष्य वाचण्याचे साधन आले आहे; ते वाचताना तो हात कुठे आहे, हेही आपण पाहिले पाहिजे.