आधीच्यांनी कधी तक्रार केली नाही

पुन्हा तेच उत्तर. या आठवड्यात ते वर्सोव्यातल्या यारी रोडला ऐकलं, आमच्याच इमारतीत, जिन्यात उभं राहून.

"अगं, आधीच्या मुली दोन वर्षं राहून गेल्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही."

बोलणारे घरमालक पार्ल्याला राहतात आणि इथला फ्लॅट भाड्याने देतात. ऐकणारी मुलगी साताऱ्याकडची, मालिकांच्या सेटवर कपडेपटाचं काम करते, आणखी दोघींबरोबर राहते. तिचं म्हणणं एवढंच होतं, "काका, गॅस गिझर लावला की जळकट वास येतो. अंघोळ करून बाहेर आलं की डोकं ठणकतं, मळमळतं." बोरिवली आणि घाटकोपर ज्यांना आठवतं, त्यांना यापुढे काही सांगायची गरज पडू नये. जानेवारी 2020 मध्ये बोरिवलीत पंधरा वर्षांची मुलगी अंघोळीला गेली आणि बेशुद्ध सापडली. ती वाचली नाही. मार्च 2023 मध्ये रंग खेळून आलेलं घाटकोपरचं जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं आणि संशय गॅस गिझरवरच गेला. तेव्हा दोन दिवस सगळ्या मुंबई उपनगराने खिडक्या उघडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी डास येतात म्हणून लावून घेतल्या.

घरमालकांनी आणखीही कारणं दिली. सोसायटी भिंतीला भोक पाडू देत नाही, विजेच्या गिझरचं बिल जास्त येतं, मेकॅनिक फोन उचलत नाही. असेल. या अडचणी बसून बोललं तर सुटतात. पण आधीच्यांच्या गप्प बसण्याचा दाखला पुढे करून समोरच्या मुलीला खोटं पाडणं मला सहन होत नाही, आणि मी ते सोडून देणार नाही.

आधीच्या मुली का बोलल्या नाहीत, हे या गृहस्थांनी त्यांना कधी विचारलं होतं का? वर्सोव्यात एकट्या राहणाऱ्या, सिनेमा-मालिकांत काम करणाऱ्या मुलींना घर मिळवताना काय काय ऐकावं लागतं ते इथल्या प्रत्येक एजंटाला ठाऊक आहे. महिनोन्महिने शोधून घर मिळतं, काही महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट मालकाकडे अडकतं, एजंटाची दलाली वेगळी. अशी मुलगी वासाबद्दल बोलायच्या आधी दहा वेळा विचार करते. तक्रार केली तर 'कटकटी' म्हणून शिक्का बसेल, अ‍ॅग्रीमेंट पुढे वाढणार नाही, डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले जातील. ती गप्प बसते आणि डोकेदुखीची गोळी घेते. तिची ही भीती मालकाच्या वहीत 'सगळं ठीक' म्हणून जमा होते.

दुसरं कारण आपल्या नाकातच आहे. एखाद्या वासात आपण थोडा वेळ राहिलो की नाक तो वास सांगायचं थांबवतं. घरात रोज राहणाऱ्याला काही जाणवत नाही, बाहेरून आलेला माणूस दारातच विचारतो, "कसला वास येतोय?" म्हणून भाड्याच्या घरात नव्याने आलेल्या माणसाचं म्हणणं सगळ्यात जास्त ऐकलं पाहिजे. त्याचं नाक अजून मिंधं झालेलं नसतं. आपण नेमकं उलटं करतो. नव्याला म्हणतो, होईल सवय.

आणि सवय लवकर व्हावी म्हणून बाथरूममध्ये सुगंधी वडी टांगून देतो. या वड्यांचा मला मनापासून राग आहे आणि मी तो या जागेवरून पूर्वीही व्यक्त केला आहे. त्या फ्लॅटमध्ये गिझरच्याच खिळ्याला एक जांभळी वडी लटकत होती. स्वयंपाकघरातल्या पाइपच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मरकॅप्टनचा उग्र दर्प मिसळतात. हे शहाणपण फुकट आलेलं नाही. 18 मार्च 1937 रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत वासाविना साचलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि जवळपास 300 मुलं व शिक्षक गेले. त्यानंतर गॅसला वास देणं सक्तीचं होऊ लागलं. त्या मुलांच्या जिवावर आपल्याला मिळालेली ही सूचना आपण लॅव्हेंडरच्या वडीने झाकतो!

त्याहून वाईट गोष्ट अशी की जो वायू माणसाला मारतो त्याला वास नसतोच. गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. बंद बाथरूममध्ये ती पुरत नाही, ज्योत निळी राहत नाही, पिवळी होते, बर्नरवर काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक ओढीने त्याला धरतं. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, मग चक्कर, आणि काहीतरी बिनसलंय हे उमगेपर्यंत हातात कडी काढायचं बळ उरत नाही. त्या मुलीला जळकट वास आला हे तिचं नशीब. अर्धवट जळणाऱ्या गॅसने निदान तिला हाक तरी मारली. आधीच्या मुलींना वास आला नसेल, तर तेवढ्यावरून त्या सुरक्षित होत्या असं कुणी सांगावं?

मेकॅनिक शेवटी आला. वर्सोव्यातच धंदा करणारा, हाताशी आरसा आणि बॅटरी. त्याने गिझरचं पत्र्याचं कव्हर उघडलं. आत खारं वारं खाऊन बर्नरची भोकं गंजाने निम्मी बुजलेली. समुद्राच्या इतक्या जवळ लोखंड टिकत नाही, इथे खिडकीचे गज गळून पडतात, तिथे या पातळ पत्र्याची काय कथा. वरच्या कडेला बोटभर काजळी होती. मग त्याने मान वर करून खिडकीकडे पाहिलं आणि विचारलं, "ही काच कधी बसवली?"

जुन्या लूव्हरच्या पट्ट्या काढून तिथे अख्खी काच सिलिकॉनने चिकटवलेली होती. एप्रिलमध्ये, आधीच्या मुली गेल्यावर, घराला रंग देताना. त्या मुलींच्या वेळी लूव्हरच्या दोन पट्ट्या फुटलेल्या होत्या, त्याबद्दल त्यांनी तक्रारही केली होती, म्हणून मालकांनी 'कायमचं काम' करून टाकलं. म्हणजे आधीच्या मुलींना त्या फुटक्या पट्ट्यांनी जगवलं होतं. आणि तक्रार केली नाही म्हणून ज्यांचा दाखला दिला जात होता, त्यांनी तक्रार केलेली होती, फक्त खिडकीची.

मालकांचा चेहरा उतरला, हे मला नोंदवलंच पाहिजे. ते दुष्ट नाहीत. त्यांनी बंद खिडकीला चांगलं घर समजलं, जसं हल्ली सगळेच समजतात. पण एवढ्याने सुटका होत नाही. काल या जिन्यावरून कुणी पडलं नाही म्हणून तुटका कठडा तसाच ठेवणाऱ्याला आपण भोळा म्हणत नाही. घराचं भाडं घेणारा माणूस भिंती विकत नाही, तिथे श्वास घेता येईल असा शब्द देतो, आणि तो शब्द दर नव्या माणसासाठी नव्याने तपासून द्यावा लागतो.

कायदा या मुलीच्या बाजूने आहे का? अर्धा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने हालचाल केली नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण वर्सोव्यात या मुली राहतात त्या 11 महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर, आणि लायसन्सवर राहणाऱ्याला ते कलम लागू पडत नाही. शिवाय करारात एक ओळ हटकून असते की लहानसहान दुरुस्ती राहणाऱ्याने करायची. ब्रिटनमध्ये 1998 च्या नियमांनुसार घरमालकाला गॅसवर चालणारं प्रत्येक उपकरण दर वर्षी नोंदणीकृत माणसाकडून तपासून घ्यावं लागतं आणि त्याची नोंद भाडेकरूच्या हाती द्यावी लागते. आधीच्या भाडेकरूचं मौन तिथे दाखला म्हणून चालत नाही. आपल्याकडे एजंट कराराला मालकाचं पॅन कार्ड जोडतो, पंखे आणि ट्यूबलाइट मोजून लिहितो. गिझरच्या तपासणीची पावती जोडायला त्याला पाच मिनिटं लागतील.

तोवर ज्यांच्या बाथरूममध्ये असा गिझर आहे त्यांनी दार सताड उघडं ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, थोडं थांबावं आणि मग दार लावावं. ज्योत पिवळी दिसली तर वापरूच नये. खिडकीच्या लूव्हर उघड्या ठेवाव्यात, डास आले तरी. आणि ती सुगंधी वडी कृपा करून काढून टाकावी.

यारी रोडच्या फ्लॅटमधली काच त्याच दिवशी काढली. विजेचा गिझर 'पुढच्या अ‍ॅग्रीमेंटच्या वेळी बघू' असं ठरलंय, तोपर्यंत मुली स्वयंपाकघरात पाणी तापवून बादल्या वाहताहेत. भाडं मात्र एक तारखेला पूर्ण हवंय, असा मेसेज काल आला.