धीर कोणासाठी?

रोग्याच्या भेटीस गेलेला मनुष्य हमखास म्हणतो, ‘धीर सोडू नकोस.’ हा उपदेश नेमका कोणाच्या सोयीसाठी असतो, याची मला शंका आहे.

अस्थिमज्जा-प्रत्यारोपणाचेच पाहा. मुंबईच्या टाटा रुग्णालयात ते १९८३ साली सुरू झाले. तंत्र तेव्हापासून पुष्कळ सुधारले. रोग्याचा एकांत मात्र सरला नाही. प्रथम तीव्र औषधांनी त्याची जुनी मज्जा मारतात, मग भावाबहिणीची किंवा जुळणाऱ्या परक्याची मज्जा रक्तासारखी शिरेतून सोडतात. ती रुजेपर्यंत दोनतीन आठवडे तो गाळलेल्या हवेच्या खोलीत पडून असतो. तोंडात फोड, अंगात त्राण नाही. दिवाळी आली तरी घरची चकली दाराबाहेरच! शिवाय, भावाने दिलेली मज्जा रुजलीच नाही तर त्याला काय वाटेल, ही धास्ती निराळी.

अशा माणसाकडून हसरा चेहरा मागणे मला तरी निर्दयपणाचे वाटते. तो हसला की आपल्याला रात्री स्वस्थ झोप लागते, एवढेच. तो बिचारा भीती गिळतो आणि उलट आपल्यालाच सांभाळतो. वर्गात ‘रडू नकोस’ म्हणणारे आम्ही मास्तरही मुलाचा आवाज तेवढा बंद करतो, दुःख नव्हे.

जाणता समुपदेशक धीर देण्याची घाई करीत नाही. ‘सगळ्यात भीती कशाची वाटते?’ एवढे विचारून तो गप्प बसतो. उत्तर दरवेळी मरणाचे नसते. कोणाला धाकटी लेक आपले टक्कल पाहून बिचकेल याची काळजी, तर कोणाला गहाण पडलेल्या शेताची.