निय्यतीचा पुरावा

आपल्या निकाहाला दोन साक्षीदार पुरतात. वली असतो, मेहर ठरलेली असते, वकील दोन गवाहांना घेऊन आत जातो आणि नवरीचे इजन घेऊन येतो. बाहेर नवरा 'कबूल' म्हणतो, दुआ होते, खारका वाटल्या जातात. त्या दोघांच्या मनात काय आहे हे कोणी विचारत नाही. विचारायचा अधिकार आपला नाही, असेच आपण मानत आलो.

पण नवरा ब्रिटनमध्ये स्थायिक झालेला असेल तर हाच निकाह दुसऱ्यांदा सिद्ध करावा लागतो, आणि तोही नवरीने इथूनच, सासरी पाऊल टाकण्याआधी. आपल्या किनाऱ्यावरची माणसे जहाजांवर गेली, आफ्रिकेत गेली, आखातात गेली, काही ब्रिटनमध्ये राहिली. त्यामुळे रत्नागिरी-रायगडमधल्या घरांना हा अर्ज काही नवा नाही. मुलगी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देते, क्षयरोगाची तपासणी करून घेते, 2010 पासून इंग्रजीची परीक्षाही देते. निकाहनाम्याचे भाषांतर होते, विवाहनोंदणीचा दाखला काढला जातो, नवऱ्याच्या पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, घराचे कागद तिकडून येतात. इथवर तक्रार करण्यासारखे फारसे नाही. कोणताही देश एवढे विचारणारच. खरा प्रश्न पुढच्या गठ्ठ्याचा आहे. संबंध 'खरा आणि चालू' आहे हे दाखवा, असे नियम म्हणतो. मग फोटो, विमानाची तिकिटे, फोनच्या नोंदी, महिनोन्‌महिन्यांचे संदेश. म्हणजे निकाह झाला की नाही एवढेच विचारले जात नाही, तर कशासाठी झाला, हे विचारले जाते.

निय्यत विचारण्याचा हक्क माणसाला आहे काय?

आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई मसलकाचे. या मसलकाने या प्रश्नावर पूर्वीच विचार केलेला आहे. एखाद्याने मनात काही वेगळाच हेतू धरून निकाह केला, पण करारात तशी अट बोलून घातली नाही, तर तो निकाह शाफई मताप्रमाणे कायद्याने उभा राहतो. तो निंद्य ठरेल, त्याचा जाब त्या माणसाला अल्लाहपुढे द्यावा लागेल, पण काझी त्याचे मन उघडून पाहायला जाणार नाही. काझीने जाहीर तेवढे पाहावे, आतले आत राहू द्यावे. यामागे बेफिकिरी नाही. मनाचा निवाडा करण्याची मुभा एकदा सत्तेला दिली की ती कुठे थांबेल, हे त्या जुन्या फकीहांना आम्हा आजच्या लोकांपेक्षा जास्त नेमके समजले होते, असे आम्हाला वाटते.

ती कुठे जाऊन थांबते याची साक्ष ब्रिटनच्याच इतिहासात आहे. 1979 च्या जानेवारीत भारतातून वाग्दत्त वधू म्हणून गेलेल्या एका पस्तीस वर्षांच्या शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य चाचणी केली गेली. हिंदुस्थानी स्त्री लग्नाआधी कुमारीच असणार, नसेल तर ती वाग्दत्त वधू नसून आधीच कुणाची तरी बायको असणार, असा त्यामागचा तर्क! बातमी फुटल्यावर गदारोळ झाला आणि चाचण्या बंद झाल्या. मात्र संशय बंद झाला नाही. 1980 च्या दशकात तिकडे येऊ पाहणाऱ्या नवऱ्यांवर, आपल्या लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी होती. एखादी गोष्ट मनात नाही, हे कोणी कसे सिद्ध करावे? ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या तीन स्त्रिया, ज्यांच्या नवऱ्यांना तिकडे येण्याची किंवा राहण्याची परवानगी नाकारली होती, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि 1985 मध्ये जिंकल्या. पुरुषांना बायका आणणे सोपे आणि स्त्रियांना नवरे आणणे कठीण, हा लिंगभेद आहे, असे न्यायालयाने म्हटले. सरकारने समानता आणली ती अशी की, बायका आणणाऱ्यांवरही त्याच कडक अटी लादल्या. मुख्य हेतूचा तो नियम 1997 मध्ये गेला. त्याचा वंश 'खरा आणि चालू' या शब्दांत अजून नांदतो आहे.

इथवर वाचून आपल्यातला कोणी खूश होत असेल तर त्याने जरा थांबावे. संशयाला इंधन आपणच पुरवले आहे. तिकडे आधीच एक संसार असलेल्या मुलाला इथली मुलगी देणारे बाप आपल्यातच आहेत. भाचीशी लग्न लावून मुलाला तिकडे पाठवायचे, कायमचा परवाना हाती पडला की त्या मुलीला सोडायचे, हेही आपल्याच नात्यागोत्यात घडले आहे. अशा वेळी जिचे आयुष्य उद्ध्वस्त होते ती तिथे वाढलेली आपलीच लेक असते. तिच्या बाजूने पाहिले तर तो अधिकारी विचारतो ते प्रश्न मुलीच्या वलीने निकाहाआधी विचारायला हवे होते. मुलगा तिकडे काय करतो, कोणाबरोबर राहतो, जवळच्या मशिदीत त्याला कोणी ओळखते का? 'लंडनचा मुलगा' एवढे ऐकून आपण हुरळतो आणि चौकशी करणे म्हणजे बेअदबी समजतो. जुन्या फकीहांनी काझीला मनात शिरू दिले नाही, पण वलीला डोळे मिटायला कोणी सांगितले नव्हते.

संरक्षणाच्या नावाने केलेला नियमही सरळ जातोच असे नाही. जबरदस्तीची लग्ने रोखण्यासाठी म्हणून 2008 मध्ये जोडीदाराच्या व्हिसाचे किमान वय अठरावरून एकवीस केले गेले. 2011 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम अमान्य केला, कारण राजीखुशीने लग्न केलेली कितीतरी जोडपीही त्यात वेगळी पडत होती.

आम्हाला सर्वांत जास्त खुपते ते यापुढचे. आपल्याकडे ठरवून झालेल्या लग्नात मुलगा-मुलगी एकमेकांना एकदा, फार तर दोनदा, घरच्यांसमोर पाहतात. 'तुमचे नाते कधी सुरू झाले?' या रकान्यात खरे उत्तर निकाहाची तारीख हेच आहे. पण अर्ज भरून देणारा सल्लागार म्हणतो, एवढ्याने भागणार नाही. मंगनीच्या आधीचे काहीतरी लिहा. हातात हात घेतलेले फोटो काढा, बागेतले, हॉटेलातले. रोज संदेश पाठवा आणि पुसू नका. मग जी मुलगी सासऱ्यासमोर नवऱ्याच्या शेजारी बसायलाही लाजते, ती दिराला कॅमेरा देऊन तीन कपडे बदलून तीन 'वेगवेगळ्या दिवसांचे' फोटो काढून घेते. निकाह खरा, जिव्हाळा खरा, आणि पुरावा बनावट!

यात कोणाचे काय बिघडले, असे पुष्कळजण विचारतात. खऱ्यासाठीच तर खोटे. आम्हाला हे पटत नाही. खोटी साक्ष हा मोठ्या गुनाहांपैकी एक आहे, दावा खरा असला तरीही. व्यवहारात पाहिले तरी, खोटी तारीख पकडली गेली की अर्जातले खरेही खोटे ठरते आणि वर्षानुवर्षे ते नाव डागी राहते. पण आमचा आक्षेप त्याहून वेगळा आहे. त्या तीन फोटोंनी ही मुलगी संसाराच्या सुरुवातीलाच शिकते की तिचे खरे लग्न पुरेसे खरे नाही, ते दुसऱ्यांच्या लग्नासारखे दिसले पाहिजे. ठरवून झालेला निकाह हाही निकाह आहे, ओळख नंतर वाढते, हे साध्या शब्दांत अर्जात लिहिता येते. खुद्द नियमही ठरवून झालेल्या लग्नाला मना करत नाही. त्याची अट एवढीच की दोघे प्रत्यक्ष भेटलेले असावेत.

शेवटी गाडी पैशांवर येतेच. 2012 मध्ये तिकडच्या जोडीदाराचे वार्षिक उत्पन्न किमान 18,600 पौंड हवे असे ठरले. 11 एप्रिल 2024 पासून ती रक्कम 29,000 झाली. इथे शाळेत शिकवणाऱ्या मुलीचा पगार त्यात धरत नाहीत, आणि तिकडे ती काय कमावू शकेल तेही नाही. फी आणि आरोग्याचा अधिभार मिळून सुमारे पाच हजार पौंड निराळेच. म्हणजे गोदामात किंवा दुकानात राबणाऱ्या माणसाचे प्रेम कितीही खरे असले तरी ते पगारात बसत नाही. आखातात यापेक्षा वेगळे काय आहे, असे कोणी म्हणेल. अमिरातीत बायको आणायला चार हजार दिरहम पगार लागतो, किंवा तीन हजार आणि राहण्याची सोय. तिथे प्रेमाचे पुरावे मागत नाहीत, निकाहनाम्यावरचे शिक्के आणि पगार बघतात. आणि त्या पगाराअभावी आपल्या किती बायकांनी दोन वर्षांतून दोन महिने नवरा पाहिला, त्याचा हिशेब आपण कधी मांडला नाही. तिला आपण सबर म्हणून मोकळे झालो. ब्रिटनच्या नियमाने तीच ताटातूट झाली की मात्र तो जुलूम वाटतो. जुलूम तो आहेच. पण आपण स्वतः ठरवलेली ताटातूट कमी जुलमाची होती काय, हे त्या बायकांना विचारायला हवे.

आता अशा अर्जासोबत जोडायला जमातुल मुस्लिमीनच्या सेक्रेटरीकडे पत्र मागितले जाते. मजकूर तयारच आणलेला असतो: हे जोडपे एकमेकांवर अतोनात प्रेम करते, आम्ही साक्षी आहोत. सेक्रेटरीने अशा मजकुरावर सही करू नये, असे आमचे मत आहे. ज्याला तो साक्षी नाही ते त्याने लिहू नये. जे त्याने पाहिले ते पुष्कळ आहे. निकाहाची तारीख, वलीचे नाव, दोन गवाहांची नावे, मेहर किती आणि त्यातली रोख किती दिली. वलीम्याला गावातली किती माणसे जेवली. नवरा किती दिवस गावात राहिला, पुन्हा केव्हा आला, मुलगी आज कोणाच्या घरात राहते. एवढे त्याने जमातच्या रजिस्टरमधून उतरवून घ्यावे, खाली सही करावी आणि शिक्का मारून कागद मुलीच्या हातात द्यावा.