चोच मी लपवली

गावी आमच्या गोठ्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी राहते. आजीला ती नको होती. अपशकुनी पाखरू, घरात आजारपण आणतं. शकुनावर तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता (वादात तीच जिंकते), म्हणून मी पुरावा शोधायचं ठरवलं.

पुरावा माळ्याखालीच पडला होता. घुबडाला दात नसतात. उंदरासारखी लहान शिकार ते अख्खी गिळतं. जठराच्या पहिल्या भागात आम्ल आणि पाचकरस मांस विरघळवतात. हाडं, केस, दात मात्र पुढच्या जाड स्नायूंच्या भागात अडकतात आणि दाबून त्यांचा गोळा होतो. हा गोळा मागे सरकतो, काही तास तिथेच थांबतो आणि तोंडावाटे बाहेर पडतो. तोवर वाट अडलेली, पुढची शिकार गिळता येत नाही. ससाण्याच्या पोटातलं आम्ल जास्त जहाल, त्याच्या गोळ्यात हाडं फारशी उरत नाहीत. घुबडाच्या गोळ्यात कवटीसुद्धा शाबूत मिळते.

तीन गोळे कोमट पाण्यात भिजवून सुईनं सोडवले. चार कवट्या उंदरांच्या निघाल्या: पटाशीचे पिवळट-नारिंगी दात, त्यांच्यामागे मोकळी जागा. एक चिचुंद्रीची, टोकदार दातांची सलग रांग असलेली. आणि गुंत्यात एक आखूड, जाड चोच. चिमणीची.

आजी रोज सकाळी ओसरीवर चिमण्यांना कण्या टाकते.

चोच मी खिशात घातली. उंदरांच्या कवट्या कागदावर मांडून तिला दाखवल्या, कणगीतल्या ज्वारीची आठवण करून दिली. “उंदीर खातं होय? मग राहू दे.” खटला जिंकलो.

तेव्हापासून तो विजय टोचतोय. लपवालपवी केली, हे एक झालं. पण मी वकिली तरी कोणत्या मुद्द्यावर केली? उपयोगी आहे म्हणून जगू द्या. मग उंदरांचं विष दुकानात मिळतंच की, घुबड कशाला? आणि रानपिंगळ्याचं काय? १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती, तो संपला असंच धरलं होतं. १९९७मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा सापडला. तो आपल्या कुणाची कणगी राखत नाही. आजीच्या समजुतीत निदान धाक तरी होता: घुबडाला दगड मारलात, तर ते तो दगड घासत बसतं आणि दगड झिजेल तसा माणूस झिजतो. मी तो धाक घालवला आणि घुबडाला उंदीर मारायच्या नोकरीवर ठेवलं.

पण तेव्हा माळ्यावर पिल्लं होती. चोच दाखवली असती, तर कदाचित घरटं राहिलं नसतं. ती वाचली याचं मला आजही बरं वाटतं, आणि माझी खरी अडचण तीच आहे.

दिवाळीत गावी गेलो, तेव्हा आजीनं कण्या टाकता टाकता विचारलं, “ते चिमण्या नाही ना रे खात?”

“कधी कधी खातं,” मी म्हणालो.

तिनं सूप झटकलं आणि गोठ्याकडे बघत राहिली.