जनावराचा साक्षीदार

फ्रान्समध्ये आत्मकथनात आपल्याला रंगवलं म्हणून आप्तांनी लेखकांना कोर्टात खेचल्याची उदाहरणं आहेत. घरातल्या कुत्र्यामांजरांना ती सोय नाही. मग माणूस स्वतःचं चित्र काढायला जनावराला समोर बसवतो तेव्हा त्या जनावराच्या वाट्याला काय येतं, हा प्रश्न भाषांतर करताना मला छळतो.

झाक देरिदांचं १९९७चं सेरिझीतलं भाषण प्रसिद्धच आहे. आपण नग्न, समोर आपलीच मांजर बघते आहे आणि आपल्याला लाज वाटते, असा तो प्रसंग. शीर्षकातल्या ‘झ स्वी’चे अर्थ दोन: मी आहे, आणि मी मागोमाग जातो. मराठीत ते एका क्रियापदात मावत नाहीत. वर ‘जातो’ म्हटलं की फ्रेंचने झाकलेलं लिंग उघडं पडतं. (नग्नतेवरच्या लेखात हे एक बरंच झालं!) ही खरीखुरी मांजर आहे, रूपक नव्हे, असं देरिदा बजावतात. पण पुढे तत्त्वचर्चा फोफावते आणि मांजर हरवते. त्या सकाळी तिला काय हवं होतं याचं कुतूहल त्यांना वाटलं नाही, हा डॉना हॅरावेंचा आक्षेप मला पटतो.

एलेन सिक्सूंचा फिप्स असा हरवत नाही. अल्जीरियातलं ज्यू कुटुंब, वडील वारलेले, बाहेरून येणारे दगड आणि साखळीला बांधलेला कुत्रा. रोष माणसांवरचा, मार खाणारा तो. एक दिवस तो एलेनच्याच पायाचा कडकडून चावा घेतो. पुढे त्या व्रणाबद्दल लिहिताना सिक्सू स्वतःची सुटका करून घेत नाहीत: त्याचे हाल आपल्याला तेव्हा कळले नव्हते. इथे कुत्रा आरसा होत नाही, तो फिर्यादी होतो. आत्मचित्र म्हणून मला हेच अधिक प्रामाणिक वाटतं.

नास्तास्सिया मार्तँ या मानववंशशास्त्रज्ञ. २०१५ साली कामचत्कात अस्वलाने त्यांच्या जबड्याचा लचका तोडला. त्यांनीही बर्फकुऱ्हाडीने त्याला जखमी केलं. २०१९च्या पुस्तकात त्या अस्वलाला ना राक्षस करतात, ना प्रतीक. फ्रेंचमध्ये अस्वल पुल्लिंगी. मराठीत ‘ते’ लिहिलं की झटापटीतला एक पक्ष वस्तू होतो, ‘तो’ लिहिलं की पुरुषाचा हल्ला वाटतो. माझ्या खर्ड्यात सध्या ‘तो’ आहे.